इंदूअक्कांचा समुद्रघोडा

शोकसभेत माणसाला दुसऱ्यांदा मारायची आपल्याकडे पद्धत आहे. इंदूअक्का गेल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात जळगावला त्यांच्या शाळेच्या सभागृहात सभा झाली. मी मागच्या रांगेत होते. एकेक जण उठत होता, माइक ठोकून बघत होता आणि तीच तीन विशेषणं अक्कांच्या फोटोला चिकटवून खाली बसत होता. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष. ही विशेषणं कुणालाही चालतात. शाळेच्या घंटेलासुद्धा चालतील. शेवटी संस्थेतले एक वजनदार गृहस्थ उठले. म्हणाले, "निवृत्तीनंतर बाईंना समुद्रात बुड्या मारायचा काहीतरी छंद लागला होता, असं ऐकतो. असो."

त्या 'असो'ला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

मी पत्रकं लिहिणारी बाई. नदीतल्या वाळूसाठी, वसतिगृहातल्या पाण्यासाठी, मुलींनाही अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी मिळावी म्हणून. एका पानात, चौकात उभ्या उभ्या वाचून होईल असं लिहायची मला सवय. हे त्यापेक्षा लांबेल. माझा इलाज नाही.

अक्का असोद्याच्या. जळगावपासून मोटारसायकलवर पंधरा-वीस मिनिटांचं गाव. घरची केळीची बाग, भरताच्या वांग्यांचा एक तुकडा आणि बागेच्या कडेला पायऱ्यांची जुनी विहीर. शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या. बाकी सगळ्या बायांना आम्ही मॅडम म्हणायचो, यांना अक्का. गावाकडून आलेल्या कुठल्यातरी मुलीच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असणार. यांनी दुरुस्त केलं नाही, म्हणून तेच नाव पडून गेलं. उंच, काटक, रंगाने सावळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. लग्न का नाही केलं, असं विचारायची आपल्याकडे कुणाला लाज वाटत नाही. विचारलं की म्हणायच्या, "राहून गेलं. पोहत होते."

आणि त्यांचा तो उजवा तळहात. "अक्का, मी धडा वाचला." तळहात पुढे यायचा, उताणा. "माती?"

"अक्का, हिने माझी वही घेतली."

"माती?"

नव्या मुली गोंधळायच्या. जुन्या हसायच्या, कारण त्या दिवाळीच्या सुट्टीत असोद्याला जाऊन आलेल्या असायच्या.

दिवाळीत विहीर भरलेली असते आणि सकाळच्या गारठ्यात पाणी उबदार लागतं. अक्का दर सुट्टीत शाळेच्या मुलींना तिथे पोहायला शिकवायच्या. केळी काढून झाल्यावर जे खोड उरतं, त्याचे हातभर लांबीचे दोन तुकडे सुतळीने एकत्र बांधायचे आणि पोरीच्या पाठीला आवळायचे. खोड तरंगतं, पोरही तरंगते. जरा जमायला लागलं की एक तुकडा काढायचा. मग दुसरा. असोद्यात आख्खा गाव असाच पोहायला शिकलेला आहे. खोडं सुटली की पुढची परीक्षा तळाची. बुडी मारायची, तळ गाठायचा आणि वर येताना मुठीत तळाची माती आणायची. काळी, थंड, बोटांच्या फटींतून गळणारी. पायरीवर बसलेल्यांना मूठ उघडून दाखवायची. माती नाही, तर तुम्ही तळ गाठलेला नाही. अर्ध्यातून परत आलात. कितीही शपथा घ्या.

मुलींना विहिरीत उतरवते म्हणून गावात कुरकुर झाली होती. अक्कांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, ते बागेचे मालक. लोक त्यांच्याकडे तक्रार घेऊन आले. नाना अंगाने आडवे, बोलायला तिरके. ते म्हणाले, "तिनं मलेच शिकवलं पोह्याले. धाकटी असून. मी तिले काय सांगू? तुमी सांगा." तक्रारवाले विहिरीपर्यंत गेले. अक्का पाण्यातूनच म्हणाल्या, "भाऊ, तुमची मुलगी सातवीत आहे ना? उद्या पाठवा. खोडं भरपूर आहेत." मुलगी आली. पुढल्या वर्षी माती घेऊन वर आली. आज पत्रकात लिहायचं तर मी याला 'लढा' म्हणेन. अक्कांनी हा शब्द कधी वापरला नाही. त्या सुतळी वळत बसायच्या.

मला त्यांनी पत्रक लिहायला शिकवलं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्यांनी मला पत्रक फाडायला शिकवलं. मी शिरपूरकडची, वसतिगृहात राहणारी. अकरावीत वसतिगृहाच्या पाण्याविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं. 'धिक्कार असो', 'झोपलेलं प्रशासन', सगळा मसाला घालून. अक्कांना दाखवलं. त्यांनी वाचलं, तळहात पुढे केला.

"पाणी घाण आहे म्हणतेस. बाटलीत भरून ठेवलंस?"

"नाही."

"कोण आजारी पडलं? टाकी शेवटची कधी धुतली? टाकीवर चढलीस?"

"अक्का, टाकीवर कसं..."

"शिडीनं. जा, पत्रकबाई. मूठ भरून ये."

चढले. टाकीत मेलेलं पाखरू होतं. ते बाटलीत घालून मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि पत्रकाची गरजच उरली नाही. तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. कायम पत्रकबाई.

आता समुद्रघोडा.

शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या वरच्या खणात, औषधाच्या पाण्यात बुडवलेले प्राणी बाटल्यांतून होते. बेडूक, साप, जळू, आणि एका उभट बाटलीत समुद्रघोडा. बोटाएवढा. रंग उडून गेलेला, शेपटीचं वेटोळं सुटलेलं, तोंड खाली झुकलेलं. अक्का दर वर्षी तो बाहेर काढायच्या. मासा आहे, पण उभा पोहतो. दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. पिल्लं आई नाही, बाप पोटाच्या पिशवीत वाढवतो. या शेवटच्या वाक्याला वर्ग हमखास खिदळायचा आणि अक्का हमखास म्हणायच्या, "हसा. घरी जाऊन वडिलांनाही सांगा."

आमच्या वर्गात रमिला होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, बोलायला कमी. तिने बाटली हातात घेतली, उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "अक्का, जिवंतपणी कसा दिसतो?"

अक्कांनी पुस्तकातलं सांगायला तोंड उघडलं. मग बंद केलं.

"मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या.

रमिलाला खोडी काढायची सवय नव्हती. पण तिने सरळ, गंभीरपणे, आपला उजवा तळहात पुढे केला.

अक्का त्या तळहाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. तुझं उत्तर माझ्याकडे बाकी राहिलं." आणि बाटली परत कपाटात ठेवली. त्या वर्षापासून त्या प्रत्येक वर्गाला आधी सांगायच्या, "हा मी जिवंत पाहिलेला नाही, हे लक्षात ठेवून ऐका." किती शिक्षक असं म्हणतात? हात वर करा. सभागृहातल्या त्या गृहस्थांनी आधी.

पुढची गोष्ट काही वर्षांनंतरची. मी कॉलेज संपवून पूर्ण वेळ कामाला लागले होते. एका आठवडी बाजारात एक जण चादरीवर मुळ्या, शिंगं, दगड मांडून बसला होता आणि त्यात वाळवलेल्या समुद्रघोड्यांचा छोटा ढीग होता. "दम्यावर अक्सीर, पोराच्या गळ्यात बांधा, नाहीतर उगाळून पाजा." माझं डोकंच फिरलं. हा प्राणी पकडणं, विकणं कायद्याने गुन्हा आहे. मी तिथेच आवाज चढवला. गर्दी जमली आणि गर्दी त्याच्या बाजूची होती. मी अक्कांना फोन केला. त्या निवृत्तीला टेकल्या होत्या. शाळा सुटल्यावर बस पकडून आल्या.

वाटलं, आता त्या त्याला झापतील. त्या चादरीसमोर मांडी घालून बसल्या. एक घोडा तळहातावर घेतला. वाळून काडी झालेला, पोटाला खळगा पडलेला.

"हा बाप आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी दिसते बघ."

तो म्हणाला, "माय, मले काय माहीत."

"जिवंत पाहिलास कधी?"

"नही वं माय. माल मुंबईकडून येतो. समुद्र कोनं पाह्यला?"

"मीपण नाही," अक्का म्हणाल्या.

त्याने मग चादर गुंडाळली. माझ्या ओरडण्याला तो बधला नव्हता. ही बाई शेजारी बसून मेलेल्या जिवाची विचारपूस करतेय, हे त्याला सोसलं नाही. वनखात्याकडे तक्रार मी दिलीच, मातीसकट, म्हणजे फोटोंसकट. पण परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीबाहेर कापसाकडे बघत म्हणाल्या, "पत्रकबाई, आयुष्यभर मी मेलेलाच दाखवला. तो चादरीवर, मी बाटलीत."

"अक्का, त्यात काय सारखं आहे? तुम्ही शिकवत होता."

"असोद्याच्या हिशेबाने मी अर्ध्यातून परत आले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मालवणला पाण्याखाली नेतात म्हणे. पाठीवर हवेची टाकी लावून."

निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. तो नारळ घेऊन त्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. समुद्रात उतरायला तब्येत ठीक असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. डॉक्टर त्यांच्याच एका विद्यार्थिनीचे यजमान. ते म्हणाले, "अक्का, जळगावात मी गुडघ्याची देतो, ड्रायव्हिंगची देतो. डायव्हिंगचं हे पहिलंच." कान तपासले, छाती तपासली, सायकल चालवायला लावली. सगळं उत्तम. "काय खाता?"

"ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि विहिरीत रोज अर्धा तास."

नानांना सांगितल्यावर ते अंगणात खाटेवर उठून बसले. "घोडाच पाह्यना आसीन त सारंगखेड्याच्या यात्रेले जाय ना! घोडेच घोडे. समुद्रात कायले?"

"नाना, तिथला बाप पोटुशी राहतो."

नाना परत खाटेवर आडवे झाले. मग वहिनींकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या तिले. इथी नको सांगू म्हना कोनाले."

पहिल्या खेपेला मी सोबत होते, पण बोटीवरच. मला पत्रकासाठी फोटो हवे होते आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. आमच्या आईचा शिरपूरहून फोन, "समुद्रमां काय शे तठे? बठ्ठं पानीच ना?" मी म्हटलं, हो, बठ्ठं, सगळं पाणीच.

पाण्याखाली नेणारा पोरगा नीलेश. मच्छीमाराचा मुलगा, पंचविशीचा, खांदे रुंद, बोलणं झपाट्याचं. त्याने नियम सांगितले. शांत श्वास घ्यायचा. कशाला हात लावायचा नाही. घाई करायची नाही. आणि समुद्रघोडा दिसला तर दोन्ही हातांनी लगाम धरल्याची खूण करायची. "आणि अक्कानू, हसायचा नाय. हसलास की गालाक घडी पडता, मास्कात पाणी शिरता." अक्का म्हणाल्या, "हसू कशाला?"

त्या उतरल्या. मी बोटीच्या कडेला पोटावर पडून बघत होते. हिरवट पाणी, बुडबुड्यांची माळ, मग काहीच नाही. पुष्कळ वेळाने दोन डोकी वर आली. नीलेशने तोंडातली नळी काढली आणि कपाळाला हात लावला. अक्कांनी उजवा हात पाण्याबाहेर काढला, माझ्यापुढे धरला आणि मूठ उघडली.

ओली, करडी वाळू.

"तळ गाठला," त्या म्हणाल्या.

"अक्कानू, वाळूक हात कित्याक लावलास!" नीलेश ओरडला. "थयच बसलेलो घोडो. गवताक शेपटी गुंडाळून. मी तुमका दाखवक बोट केलंय, आणि तुमी सरळ तळार जाऊन मूठ भरलास! धुरळो झालो. आता काय दिसतलो?"

असोद्यात जन्मलेला माणूसच ही चूक करू शकतो. पन्नास-पंचावन्न वर्षांची सवय. तळ दिसला की हात जातोच. अक्कांनी हातातल्या वाळूकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या खचतील. त्या पाण्यात उताण्या झाल्या आणि हसायला लागल्या. बोट हलेपर्यंत हसल्या.

"नीलेश, तो खरंच होता?"

"आईशपथ."

"तू म्हणतोस म्हणून मानत नाही. पण पुन्हा येईन."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नीलेशच्या घरी चुलीत वांगी भाजली. असोद्याहून आणलेली, हिरवी, मोठी. भरीत घोटता घोटता त्याला विचारत होत्या, "माझं चुकलं काय, नीट सांग." हा पोरगा त्यांच्या विद्यार्थिनींच्या वयाचा. तो सांगत होता. तुमी पाय जोरात मारता. तुमी शोधता. घोडा शोधून गावत नाय, तो गवतासारखा असता. थांबायचं, आणि गवतातलं काय गवत नाय ता बघायचं. अक्का मान हलवत होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या.

मग सुरू झाला असोद्यातला सराव. गावाने जन्मात पाहिलं नव्हतं असं काही. विहिरीच्या भिंतीला शेवाळ आणि पाणवनस्पतींच्या झुलत्या जटा असतात. त्यात अक्का पोरींना वेणीचे चिमटे लपवायला लावायच्या. काळे, तपकिरी, मातकट. मग मास्क लावून कडेला पाण्यात उतरायच्या आणि पाय न हलवता, हात पोटाशी बांधून, नुसतं बघायच्या. जागेवर तरंगत. चिमटा दिसला तरी काढायचा नाही. फक्त लगामाची खूण. पोरींना याचं वेड लागलं. विहिरीत एरवी धबाधब उड्या मारणाऱ्या पोरी गळ्यापर्यंत पाण्यात गप्प उभ्या राहायला लागल्या. आणि त्यांना दिसायला लागलं. पारदर्शक कोळंबी. कासवाचं पिल्लू. शेवाळातून चालणारा काडीसारखा किडा. त्याच विहिरीत, जिथे त्यांनी आजवर फक्त तळ पाहिला होता.

नाना पायरीवर येऊन बसायचे. "साठी उलटली हिची, आन् विहिरीत डोये घालून बसते. काय पाह्यते वं?"

"नाना, हलू नका. तुमच्या पायाजवळ बेडूक आहे, शेवाळाच्या रंगाचा."

नाना बघायचे. दिसायचा नाही. मग दिसायचा. "आयला," म्हणायचे, आणि पाय उचलून घ्यायचे.

सगळ्यात कठीण गेला तो उजवा हात. तळाजवळ गेल्या की मूठ वळायचीच. शेवटी अक्कांनी हाताची घडी घालून बुडी मारायला सुरुवात केली. तळापर्यंत जायच्या, तळापासून वीतभर वर थांबायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या. पायरीवरच्या पोरी ओरडायच्या, "अक्का, माती! माती!" आणि अक्का म्हणायच्या, "नाही आणली. विश्वास ठेवायचा तर ठेवा." त्यांनी स्वतःचाच कायदा मोडायला काढला होता.

दुसऱ्या खेपेला त्यांनी रमिलाला बोलावलं. रमिला तोवर नर्स झाली होती, शिरपूरच्या बाजूला नोकरीला. आजही बोलायला कमी. तिने रजा काढली, एक पिशवी घेऊन आली आणि विचारलं, "मला पण उतरायचंय?" अक्का म्हणाल्या, "उत्तर तुझं आहे. माझ्या तोंडून कशाला ऐकतेस?" मला विचारलंच नाही. "पत्रकबाई, तूही. बोटीवर पडून पत्रक होत नसतं."

मालवणला अक्कांनी आधी रीतसर शिक्षण पुरं केलं. आम्ही दोघी नवख्या, म्हणून आम्हाला सांभाळायला नीलेशचा एक मित्र. पहाटेचं पाणी शांत होतं. उतरताना कान दुखले, श्वासाचा आवाज डोक्यात घुमला. मी मनातल्या मनात शिव्या देत होते. मग खाली पोहोचलो आणि शिव्या थांबल्या. खडक, त्यावर डोलणारं तपकिरी गवत, मधेच मच्छीमारांचा जुना दोर तुटून अडकलेला. लहान मासे आमच्या अंगावरून निघून जात होते, आम्ही कुणीच नसल्यासारखे.

नीलेशने हात आडवा केला. थांबा, इथे कुठेतरी. तो एका बाजूला बघायला लागला. अक्का थांबल्या. तळापासून वीतभर वर, आडव्या, हातांची घडी. पाय हलेना, बोट हलेना. फक्त बुडबुडे. मला तळ दिसत होता, पांढरी वाळू, मूठ भरावी अशी. त्यांना तर माझ्याहून जवळ दिसत होती. मी त्यांच्या उजव्या हाताकडेच बघत होते. तो हात सुटला. वर आला. दुसराही वर आला. आणि त्या बाईने, साठी उलटलेल्या, असोद्याच्या, समुद्राच्या तळाशी लगाम धरला.

मला दोर दिसला. गवत दिसलं. दोराचा एक धागा निघालेला दिसला. मग त्या धाग्याने डोळा फिरवला.

तो पिवळसर होता. मी पिवळसर म्हणते, पण बाटलीतला रंग विसरा. हळदीचा हात लागलेल्या भिंतीसारखा, त्यावर बारीक काळे ठिपके. शेपूट दोराला घट्ट, पोरीने बोट धरावं तशी. मान ताठ. पाठीवरचा पंख इतका जोरात थरथरत होता की तो आहे की पाण्यालाच शहारा आलाय, कळेना. एक डोळा आमच्याकडे, दुसरा आपल्या कामावर. आणि पोट पुढे आलेलं, फुगीर, चकचकीत. बाप होता. भरल्या दिवसांचा.

अक्का हसल्या. मला कसं कळलं? मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकापर्यंत चढलं. नीलेशने घाईने हात केला. त्यांनी डोकं वर करून, शिकवल्याप्रमाणे, नाकातून हवा सोडून ते बाहेर काढलं आणि परत हसल्या. परत पाणी. तोंडातल्या नळीतून बुडबुड्यांचे लोटच्या लोट वर जात होते. माझ्याही मास्कमध्ये पाणी होतं. ते समुद्राचं होतं असं मी नीलेशच्या मित्राला नंतर सांगितलं.

आणि मग त्यांनी जे केलं, त्यासाठी हे सगळं लिहिलं. त्यांना मनसोक्त बघायचा हक्क होता. आयुष्यभर मेलेला धरून उभ्या राहिलेल्या बाईला जिवंत भेटला होता, हवा मोजकी होती, वेळ थोडा होता. त्यांनी एकदा नीट पाहिलं. आणि हळूच, पायांनी तळ न ढवळता, बाजूला सरकल्या. रमिलाला जागा केली.

रमिला पुढे झाली. तिने हाताची घडी घातली होती, कुणी न सांगता. ती आणि तो समुद्रघोडा समोरासमोर. बराच वेळ. अक्का तिच्या मागे तरंगत होत्या, परीक्षा चालू असताना वर्गात उभ्या राहायच्या तशा.

वर आलो. बोटीला धरून सगळे धापा टाकत होतो. नीलेश ओरडत होता, "गावलो! अक्कानूक आधी गावलो! माका नाय गावलो!" अक्का मात्र अजून पाण्यातच, चार हात दूर. कपाळावर मास्कचा वळ, पांढरे केस चेहऱ्यावर चिकटलेले. मला राहवलं नाही. मी बोटीच्या कडेवरून तळहात पुढे केला, उताणा.

"अक्का, माती?"

त्यांनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढले. बोटं पसरली. तळव्यांवरून स्वच्छ पाणी गळत होतं. काही नव्हतं. हात तसेच उंच धरून त्या माझ्याकडे नाही, रमिलाकडे बघत होत्या.

"रमिला, सांग गं हिला," त्या म्हणाल्या. "कसा दिसतो?"

रमिलाने तोंड उघडलं. मग बंद केलं. आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

"मले दिसला वं," अक्का म्हणाल्या, कुणालाच नाही, त्या रिकाम्या हातांना. "मले दिसला."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी त्या झोपेतच गेल्या, असोद्यात. मी भेटायला जाणार होते, राहिलं. त्यामुळे मला शेवटच्या दिसतात त्या तशाच, मालवणच्या सकाळच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून तरंगणाऱ्या, दोन्ही हात वर, मोकळे.

असो म्हणणाऱ्यांनी एकदा तळापर्यंत जाऊन यावं. खोडं भरपूर आहेत.